स्वयंपाकघरातली सातवी ‘ब’

१५ जून २०२०, सोमवार. सकाळी साडेआठला आमच्या स्वयंपाकघरात सातवी ‘ब’ भरली.

सूनबाई पुण्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. हॉलमध्ये मुलाचं ऑफिस, आतल्या खोलीत चौथीतल्या नातवाचा वर्ग, आणि रेंज म्हणाल तर ती फक्त ओट्याशेजारच्या खिडकीत. म्हणून वर्ग तिथे. पोह्यांचा डबा पालथा घातलेला, त्यावर मिसळणाचा डबा, आणि त्याला रबराने बांधलेला फोन. फळा म्हणजे कपाटाच्या दाराला चिकटवलेले जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे कागद. माझ्याकडे दोन कामं आली. एक, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. दुसरं, नातवाच्या वर्गासाठी माझा फोन द्यायचा आणि तो मागायचा नाही.

सूनबाईने हजेरी घेतली. पटावर ५८, हजर २३. त्यातले चारजण मध्येच गेले, दोघांचा आवाज येत नव्हता आणि एकाच्या घरी कोंबडा आरवत होता. तास संपल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, “आई, पस्तीस मुलं कुठे आहेत?”

मी ३३ वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं, २००७ साली निवृत्त झाले. असा प्रश्न मला नोकरीत कधी पडला नव्हता. मूल आलं नाही तर त्याच्या गल्लीतल्या दुसऱ्या मुलाला विचारायचं, संध्याकाळपर्यंत पत्ता लागतो. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा काही दिवस बंद होत्या. तेव्हा घरून शिकवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शाळा बंद म्हणजे सुट्टी, इतकं ते साधं होतं.

२०२० साली तसं राहिलं नाही. १३ मार्चला राज्यात साथरोग कायदा लागू झाला, पाठोपाठ शाळा बंद झाल्या. दहावीचा २३ मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्दच केला. २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला. एप्रिलपासून ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने अभ्यासमाला फोनवर येऊ लागली.

त्या कायद्याचं नाव टीव्हीवर ऐकलं आणि मी ताटावरून उठले. हा कायदा मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवला होता, चापेकर बंधूंच्या निमित्ताने! १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवी भागात प्लेग उघड झाला. ४ फेब्रुवारी १८९७ ला सरकारने अवघ्या चार कलमांचा कायदा केला. त्याच्या जोरावर पुण्यात रँडच्या हुकमाने सोल्जर घराघरांत घुसले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळं मुलांना तोंडपाठ असायचं, कारण परीक्षेला हमखास यायचं. त्या साथीत शाळांचं काय झालं, हे मात्र मी कधी शिकवलं नाही. धड्यात नव्हतं ना. खरं तर त्याचं उत्तर आमच्याच घरात होतं.

माझे आजोबा कऱ्हाड तालुक्यातले. साथ आली तेव्हा आठ-नऊ वर्षांचे असतील. घरात उंदीर पडायला लागले की गाव बाहेर पडायचं, शिवारात झोपड्या घालायच्या आणि महिनोन् महिने तिथेच राहायचं, असा तो काळ. शाळा देवळात भरायची. गाव उठलं तशी शाळाही उठली. मास्तर परगावचे होते, ते आपल्या गावी निघून गेले.

आजोबांचं तोवर पावकी, निमकी, पाऊणकी पाठ होऊन सवायकीपर्यंत आलं होतं. झोपडीत दिवसभर गुरांमागे हिंडताना ते तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. पुढचं कोणी सांगणारं नव्हतं. गाव परत आलं, देवळात शाळाही भरली, पण मास्तर नवे होते. जुन्या मुलांची नावं त्यांना माहीत नव्हती. घरात तोवर दोन माणसं गेलेली आणि बैलांमागे एक पोर हवंच होतं. आजोबा शाळेत गेलेच नाहीत. बाजारात तोंडी हिशोबाला त्यांचा हात कोणी धरत नसे, पण कागद पुढे आला की ते माझ्या वडिलांकडे सरकवत. मी शाळेत नोकरीला लागले तेव्हा ते ८५ च्या घरात होते. मला म्हणाले, “पोरी, आमच्याकडं कुणी बोलवाय आलंच न्हाई बघ.”

तक्रार म्हणून नव्हे हं. सहज सांगितलं, आणि मीही तेव्हा सहजच ऐकलं.

त्याच साथीत एक शिक्षिका घराबाहेर पडली होती, तिची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. सावित्रीबाईंचे पुत्र यशवंत डॉक्टर होते, त्यांनी पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सहासष्टाव्या वर्षी. टाळेबंदीत मी सत्तरी ओलांडलेली, दारात दूधवाला आला तरी मुलगा मला मागे ओढत होता.

असो. घरी बसून शिकवणं हा प्रकार मात्र आपल्याला वाटतो तितका नवा नाही. अमेरिकेत शिकागो शहरात सप्टेंबर १९३७ मध्ये पोलिओची साथ होती म्हणून शाळा उघडल्याच नाहीत. तिथल्या शिक्षण खात्याने मग रेडिओवरून शाळा भरवली. तिसरी ते आठवीची सुमारे सव्वातीन लाख मुलं. निरनिराळ्या केंद्रांनी फुकट वेळ दिला. पंधरा-पंधरा मिनिटांचे पाठ. सोमवार, बुधवार, शुक्रवार सामाजिक शास्त्र आणि विज्ञान, बाकीचे तीन दिवस इंग्रजी आणि गणित. त्या दिवशी काय शिकवणार आणि कुठले प्रश्न सोडवायचे, ते वर्तमानपत्रांत छापून यायचं. अडलं तर विचारायला दूरध्वनी होता, त्यावर १६ शिक्षक बसवले होते. पहिल्याच दिवशी हजाराहून जास्त फोन आले, तेव्हा आणखी पाच शिक्षक वाढवावे लागले.

हे मी सूनबाईला भाजी निवडताना सांगितलं. तिने दोनच प्रश्न विचारले, आणि शिक्षिकेनेच विचारावेत असे विचारले. रेडिओ नसलेल्या मुलांनी काय केलं? आणि पंधरा मिनिटांत कळलं नाही तर हात कोणाकडे बघून वर करायचा? या दोन्ही अडचणी तिथल्या लोकांनाही तेव्हाच जाणवल्या होत्या. कोणाकडे रेडिओ नव्हता, कोणाला नीट ऐकू येत नव्हतं, कोणाला वेग झेपत नव्हता. पण ती शाळा काही आठवडेच चालली. सप्टेंबर संपता संपता खऱ्या शाळा उघडल्या, आणि बाईंना मुलं डोळ्यांनी दिसली.

आपल्याकडे तो काळ लांबत गेला. नववी ते बारावीचे वर्ग काही भागांत २३ नोव्हेंबर २०२० ला सुरू झाले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून ठिकठिकाणी. तेवढ्यात दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. शहरांत आठवीपासून पुढचे वर्ग उघडायला ४ ऑक्टोबर २०२१ उजाडला, आणि त्याहून लहान मुलांना डिसेंबरची वाट बघावी लागली.

लोकांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. सोलापुरात नीलमनगरमध्ये घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले. कुठे कर्ण्यावरून पाठ वाजवले, कुठे गुरुजी पारावर चार-चार मुलांना बसवून शिकवत होते. याच शिक्षकांना घरोघर फिरून ताप मोजायची आणि नाक्यावर उभं राहायचीही कामं होती, हे लोक फार लवकर विसरले. आणि ते न्यूटनचं प्रकरण! १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज बंद झालं, तो गावी जाऊन बसला आणि घरबसल्या केवढं काम केलं, हा निरोप मला व्हॉट्सॲपवर अकरा वेळा आला. न्यूटनला कुकर उतरवायचा नव्हता, आणि समोर अठ्ठावन्न मुलंही नव्हती. (पाठवणाऱ्यांत घरचीच मंडळी होती, त्यांनी राग मानू नये.)

तर पस्तीस मुलं. पहिल्या पंधरवड्यात त्यातली अठरा कशीबशी आली. कोणी शेजाऱ्याच्या फोनवरून, कोणी वडील कामावरून आल्यावर रात्री नऊला. हातगाडीवर भाजी विकणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा रोज रात्री वहीची पानं फोटो काढून पाठवायचा, कारण दिवसा फोन गाडीवर असायचा. सूनबाई ती अकरा वाजेपर्यंत तपासायची. आमच्या वेळी वह्यांचा गठ्ठा घरी आणत असू, तो निदान संपायचा तरी. राहिली सतरा. त्यांची नावं आणि प्रवेशअर्जावरचे नंबर तिने मला वहीत उतरवून दिले. म्हणाली, “आई, तुम्ही लँडलाइनवरून विचारता का?”

मी विचारलं. रोज दुपारी चार वाजता वही घेऊन बसत असे. सतरापैकी तीन नंबर बंदच. एक नंबर मुकादमाचा निघाला, त्याने दुसरा दिला, दुसऱ्याने तिसरा. एक कुटुंब जालन्याकडे गेलं होतं, एक उत्तर प्रदेशात, श्रमिक रेल्वेने. एका मुलाच्या आईने विचारलं, “बाई, फी भरायची राहिलीय म्हणून फोन केलात का?” मला क्षणभर बोलता आलं नाही. एवढी वर्षं शाळेतून घरी फोन जायचा तो काय म्हणून जायचा, हे तिने मला सांगितलं.

एक मुलगी सासवडच्या पुढच्या आपल्या गावी गेली होती. काकांच्या साध्या फोनवर बोलली. पुस्तकं बरोबर होती, पण वर्ग दिसण्यासारखा फोन नव्हता. मग मीच तिला संध्याकाळी सातला वीस मिनिटं शिकवायला लागले, नुसत्या आवाजावर. तेरा वर्षांनी पुन्हा तास! आणि फार अवघड गेला. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर कळलं की नाही ते समजत नाही. मी एकच वाक्य तीनदा बोलायचे. सातवीला शिवकाळ आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, हे सांगताना माझा हात सवयीने नकाशा शोधू लागला. मी म्हटलं, “पुरंदर कुठे आहे, पुस्तकात बघ बरं.” पलीकडून उत्तर आलं, “आजी, तो मला दारातून दिसतोय की.”

पुढचे चार दिवस तीच मला सांगत होती. पाऊस कुठून येतो, माथ्यावर ढग किती वेळ बसतो, गुरं कुठल्या बाजूने चढतात. मिर्झाराजांनी वेढा दिला म्हणजे नक्की काय केलं असेल, हा विचार आम्ही दोघींनी मिळून केला. माझ्या ३३ वर्षांत हा पाठ मी इतका चांगला कधी शिकवला नव्हता. तिने पुढे शाळेतून दाखला काढून गावाजवळच्या शाळेत नाव घातलं आणि २०२४ ला दहावी झाली. निकालाच्या दिवशी लँडलाइनवरच फोन आला.

सतरापैकी अकरा सापडली. ती सगळी वर्गात टिकली असं नाही, पण सापडली. तीन जणांकडून निरोप आला आणि मग काही नाही. बंद असलेल्या तीन नंबरांपैकी दोन घरांचा पत्ता नंतर दुसऱ्या मुलांकडून लागला, दोन्ही कुटुंबं आपापल्या गावी होती.

राहिला पटावरचा ४१ नंबर. तो नंबर मी ऑगस्टपर्यंत रोज आणि नंतर दर सोमवारी फिरवला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सूनबाई स्वतः अर्जावरच्या पत्त्यावर जाऊन आली. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारची बाई म्हणाली, आधीच्या वर्षीच्या मे महिन्यात गेले, कुठे ते सांगितलं नाही, पोरगं मात्र दप्तर घेऊन गेलं. सूनबाईने घरी येऊन हे दोनदा सांगितलं, दप्तर घेऊन गेलं म्हणून. मला आजोबांचं वाक्य आठवलं, पण मी ते तिला त्या दिवशी सांगितलं नाही.

३ एप्रिल २०२१ ला सरकारने पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेशिवाय वरच्या वर्गात घालायचं जाहीर केलं. सूनबाई त्याच ओट्यावर निकालपत्रकं भरत बसली. ४१ नंबरच्या पुढेही तिने इतरांसारखंच लिहिलं, ‘वर्गोन्नत’. ती वही माझ्याकडे आहे. नंबर खोडलेला नाही.