जुने वेब-संपादक, नव्या ऑपरेटिंग सिस्टिम : सुसंगततेचा इतिहास

सर्व्हरच्या जुन्या नोंदी चाळताना ‘व्हीटीआय’ ही तीन अक्षरे असलेले फोल्डर कधी कधी दिसतात. ही अक्षरे व्हर्मीर टेक्नॉलॉजीज इन्कॉर्पोरेटेड या कंपनीची. चार्ल्स फर्ग्युसन आणि रँडी फोरगार्ड यांनी १९९४ मध्ये अमेरिकेत ती सुरू केली. तिचे फ्रंटपेज हे सॉफ्टवेअर १९९५ मध्ये बाजारात आले आणि जानेवारी १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुमारे १३ कोटी डॉलर मोजून कंपनीच विकत घेतली. एचटीएमएल न शिकता, वर्डमध्ये पत्र लिहावे तसे वेबपान तयार करता येते, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. भारतातल्या अनेक महाविद्यालयांची पहिली संकेतस्थळे अशाच संपादकांत तयार झाली. ती पाने दुरुस्त करायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो : हे जुने सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर चालेल का?

‘चालेल का’ हा प्रश्न एक वाटतो, पण त्यात अनेक प्रश्न दडलेले आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारणांनी बदलत गेली. विंडोजपासून सुरुवात करू.

पहिला अडथळा बहुधा इन्स्टॉलरपाशीच येतो. १९९५ नंतरचे बरेच संपादक स्वतः ३२-बिट होते, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असे. कारण साधे होते. विंडोज ३.१ वापरणाऱ्याने चुकून सीडी घातली, तर निदान ‘हे सॉफ्टवेअर तुमच्या विंडोजवर चालणार नाही’ एवढा निरोप तरी त्याला मिळावा! तेव्हाची ही सौजन्याची सोय पुढे गळ्यातला धोंडा ठरली. प्रोसेसर ६४-बिट अवस्थेत असताना १६-बिट प्रोग्रॅमसाठीचा ‘आभासी ८०८६’ प्रकार उपलब्ध नसतो, त्यामुळे ६४-बिट विंडोजने १६-बिट प्रोग्रॅमना सुरुवातीपासूनच दार बंद केले. काही प्रचलित १६-बिट इन्स्टॉलर ओळखून त्यांच्या जागी ३२-बिट आवृत्ती चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली, बाकीचे अडकले. म्हणजे आतले सॉफ्टवेअर चालण्याजोगे, पण आत जायचा दरवाजाच नाही. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच निघाली नाही, तेव्हा तो उरलेला मार्गही संपला.

दुसरा अडथळा २००७ च्या विंडोज व्हिस्टाने आणला. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. जुने संपादक आपल्या सेटिंग, टेम्प्लेट, तात्पुरत्या फायली सरळ ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहीत असत. विंडोज एक्सपीवर बहुतेक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत, म्हणून हे खपून जाई. व्हिस्टाने सामान्य वापरकर्त्याचा तो अधिकार काढून घेतला. मग जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून एक युक्ती केली : प्रोग्रॅम तिथे लिहू गेला, की विंडोज ती फाइल गुपचूप वापरकर्त्याच्या स्वतःच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ फोल्डरमध्ये ठेवते. प्रोग्रॅमला वाटते, लिहिले गेले. मात्र तोच प्रोग्रॅम ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून उघडला, तर त्याला मूळ फोल्डरमधली जुनी प्रत दिसते. काल बदललेली सेटिंग आज नाहीशी, उद्या पुन्हा हजर, असा भुताटकीचा खेळ सुरू होतो. शिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत एक्सप्लोररमधून फाइल ओढून टाकता येत नाही, कारण कमी अधिकाराच्या प्रोग्रॅमने जास्त अधिकाराच्या खिडकीला संदेश पाठवणे व्हिस्टापासून अडवले गेले. जो तो ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’चा उपाय सांगतो, पण माझ्या मते तो शेवटचा असावा. जुना संपादक ‘प्रोग्रॅम फाइल्स’च्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये बसवला तर यातल्या बहुतेक कटकटी उद्भवतच नाहीत.

अ‍ॅपलची रीत निराळी. विंडोजने जुन्याला सांभाळत, ठिगळे लावत पुढे जायचे ठरवले, तर अ‍ॅपलने ठरावीक मुदत देऊन दोर कापले. २००५ मध्ये अ‍ॅपलने पॉवरपीसी प्रोसेसर सोडून इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ हा अनुवादक दिला आणि २०११ च्या लायन आवृत्तीत तो काढूनही घेतला. मॅकवरचे ड्रीमवीव्हर ८ केवळ पॉवरपीसीसाठी होते, त्यामुळे लायनवर ते संपले. २००७ चे ड्रीमवीव्हर सीएस३ इंटेलवर थेट चालणारे होते म्हणून तगले. पुढे २०१९ मध्ये कॅटालिना आली आणि सगळेच ३२-बिट प्रोग्रॅम बंद झाले. त्यात ड्रीमवीव्हर सीएस६ गेले, अ‍ॅपलचे स्वतःचे आयवेबही गेले. यात सॉफ्टवेअरमध्ये काहीही बिघडले नव्हते. एका अक्षराचाही फरक न पडलेली फाइल आदल्या दिवशी चालत होती, अपडेटनंतर चालेना.

परवान्याची अडचण तांत्रिक नसते, पण तीही तितकीच पक्की असते. अडोबीच्या सीएस२ संचात गोलाइव्ह हा वेब-संपादक होता. हा संच चालू करण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरची संमती लागे आणि तो सर्व्हर अडोबीने बंद केला. मग जुन्या ग्राहकांसाठी संमतीची गरज नसलेली आवृत्ती कंपनीला द्यावी लागली. फ्रंटपेजचे दुखणे याच जातीचे. अभ्यागत मोजणारा आकडा, शोधपेटी, फॉर्म अशा त्याच्या सोयी सर्व्हरवरच्या ‘फ्रंटपेज एक्स्टेन्शन्स’वर अवलंबून होत्या. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फ्रंटपेज थांबवले, सर्व्हरवाल्यांनी हळूहळू ती एक्स्टेन्शन्स काढली. त्यामुळे तुमच्या संगणकावर फ्रंटपेज २००३ सुरळीत उघडले तरी त्याने बनवलेला फॉर्म पलीकडे कोणी वाचत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची कथा यापेक्षा आशादायक असावी, असे वाटते. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये आपला सोर्स कोड खुला केला. त्यात कंपोझर हा संपादकही होता. त्यातूनच डॅनियल ग्लाझमन यांनी लिनस्पायर कंपनीच्या पाठिंब्याने एनव्हीयू तयार केला. त्याची १.० आवृत्ती २००५ ची. एनव्हीयूचे काम थांबल्यावर इतरांनी त्याच कोडवरून कॉम्पोझर काढला. बंद कोडच्या गोलाइव्हला असे वारस मिळणे शक्यच नव्हते. पण कोड खुला असला तरी तो नव्या सिस्टिमसाठी पुन्हा बांधणारा माणूस लागतो. कॉम्पोझरही २०१० च्या बीटा आवृत्तीपाशी अडखळला.

आता भारतीय विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा मुद्दा. होमसाइट हा एकेकाळचा लोकप्रिय कोड-संपादक. मॅक्रोमीडियामार्फत तो अडोबीकडे आला आणि २००९ मध्ये बंद झाला. तो युनिकोड जाणत नव्हता. विंडोजमध्ये देवनागरीचा युनिकोड आधार विंडोज २००० पासून आला, पण तो फक्त युनिकोड जाणणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. ‘युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा’ या सेटिंगमुळे जपानी किंवा रशियन भाषकांचे काम भागते, कारण त्या लिप्यांसाठी विंडोजची जुनी कोड-पाने आहेत. देवनागरीसाठी तसे पान विंडोजने कधी केलेच नाही. म्हणून अशा संपादकात मराठी किंवा हिंदी मजकूर चिकटवला, की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. यूटीएफ-८ मधली फाइल उघडली, तर प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे दिसतात. आणि प्रश्नचिन्हे होऊन फाइल एकदा सेव्ह झाली, की मूळ अक्षरे त्या फाइलमधून कायमची गेलेली असतात.

म्हणून जुन्या संपादकाची परीक्षा संकेतस्थळाच्या मूळ फाइलवर घेऊ नये. वेगळ्या फोल्डरात एक प्रत करावी, तिच्यात ‘ज्ञानेश्वर’सारखा जोडाक्षरांचा एक शब्द ठेवावा, फाइल जुन्या संपादकात उघडून सेव्ह करावी आणि मग नोटपॅडमध्ये पाहावी.