कापूस, ज्वारी आणि एकच साखर

कापसाचा तंतू आणि ज्वारीच्या दाण्यातला स्टार्च, दोन्ही ग्लुकोज या एकाच साखरेचे बनलेले असतात. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेन याने १८३८ साली वनस्पतिपेशींच्या भिंतींतून सेल्युलोज वेगळे काढले, तेव्हा त्याचे घटक आणि त्यांचे प्रमाण स्टार्चसारखेच निघाले : कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, शेवटचे दोन पाण्यात असतात त्याच प्रमाणात, दोनास एक. म्हणून १८४४ मध्ये कार्ल श्मिटने या कुळाला 'कार्बोहायड्रेट' म्हटले. आपले 'कर्बोदक' म्हणजेही कर्ब अधिक उदक. नाव तसे फसवेच, आत पाणी म्हणून काही नसते, पण टिकले.

फरक आहे तो सांध्यात. ग्लुकोजचे दोन रेणू जुळताना पाण्याचा एक रेणू निसटतो. स्टार्चमध्ये हा सांधा एका बाजूने बसतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या. आपल्या लाळेतले विकर पहिला तोडते, दुसऱ्यापुढे हात टेकते. गुरांच्या पोटातले जीवाणू मात्र दुसराही तोडतात. म्हणून दाणा माणसाला, कडबा बैलाला. ज्वारीचे एकच ताट दोघांना पोसत होते.

वऱ्हाडचे एकोणिसावे शतक मला या सांध्यावरून वाचावेसे वाटते. १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इथल्या काळ्या जमिनीकडे डोळे वळले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. वाशीमला, म्हणजे तेव्हाच्या बाशीमला, रूळ नव्हते, बैलगाडी होती. सारा रोखीत भरायचा, आणि रोख आणी तो कापूस. यासाठी शेतकऱ्याला मूर्ख ठरवणे सोपे आहे. त्याचा हिशेब बरोबर होता, जोवर त्या पैशात बाजारात ज्वारी मिळत होती.

१८९९ ला पाऊस दगावला. ज्वारी गेली, तिच्यामागे कडबा गेला. ज्याच्या घरी आधीचा कापूस पडून होता त्याच्याकडेही साखर होती, शुद्ध ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या, पण सांधा उलटा. वाळकी पऱ्हाटी चुलीपुरती. १९०१ च्या जनगणनेत बाशीम जिल्ह्यात ३,५३,४१० माणसे मोजली गेली, दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला, आणि वाशीमला पुन्हा जिल्हा व्हायला १९९८ उजाडले.