पेनड्राइव्हमधलं बिऱ्हाड

डॉसच्या काळात वर्डस्टारची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सरकवायची, डब्ल्यूएस टाइप करून एंटर दाबायचं आणि लिहायला बसायचं. काम झालं की फ्लॉपी पाकिटात. यंत्र कुणाचंही असो, प्रोग्रॅम आपल्यासोबत यायचा. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या पोर्टेबल सॉफ्टवेअरचा मूळपुरुष हाच.

पुढे विंडोजमध्ये प्रोग्रॅम घर करून राहू लागले. आधी त्यांची सेटिंग साध्या आयएनआय फायलींत असत. विंडोज 95 पासून तो कारभार रजिस्ट्रीकडे गेला. सगळ्यांची मिळून एकच मोठी वही. काही फायली सिस्टिम फोल्डरमध्ये, काही वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये. नुसता फोल्डर उचलून दुसरीकडे नेला की प्रोग्रॅम अडून बसायचा. मला वाटतं, या कुळाची खरी कथा या अडचणीपासूनच सुरू होते. पेनड्राइव्ह नंतरचा.

तो आला 2000 साली. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा थंबड्राइव्ह आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सनं बनवलेला, अमेरिकेत आयबीएमनं विकलेला डिस्कऑनकी, दोन्ही त्याच वर्षीचे. डिस्कऑनकीत 8 एमबी मावत, म्हणजे पाच फ्लॉप्यांहून थोडं जास्त.

2004 मध्ये अमेरिकेतल्या जॉन हॅलर यांनी फायरफॉक्सची पोर्टेबल आवृत्ती काढली. फायरफॉक्स तेव्हा 1.0 पर्यंतही पोचला नव्हता, पण त्याचा सोर्स कोड खुला होता, म्हणून त्याची अशी नवी बांधणी करून वाटता आली. हॅलर यांची करामत लाँचर नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये आहे. पेनड्राइव्हला घरी ई हे अक्षर मिळतं, ऑफिसात जी. लाँचर ते ओळखून सेटिंगमधले पत्ते बदलतो. बुकमार्क पेनड्राइव्हवरच राहतात. सतत लिहिल्यानं पेनड्राइव्ह मंदावतो आणि झिजतो, म्हणून ब्राउझरची डिस्कवरची कॅश बंद ठेवलेली असते. एखाद्या प्रोग्रॅमला रजिस्ट्री लागतेच; तेव्हा लाँचर यजमान कॉम्प्युटरच्या नोंदी बाजूला ठेवतो, आपल्या मांडतो, आणि निघताना आपल्या उचलून यजमानाच्या होत्या तशा लावून देतो. परक्या स्वयंपाकघरात रांधून झाल्यावर डबे जागच्या जागी ठेवून निघावं, तसं. मला या साऱ्या तंत्रात हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

मग थंडरबर्ड आला, ओपनऑफिस आलं. प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये ॲप आणि डेटा असे दोन कप्पे: एकात प्रोग्रॅम, दुसऱ्यात आपलं सामान. नवी आवृत्ती घातली तरी सामानाला धक्का लागत नाही.

2005 मध्ये सॅनडिस्क आणि एम-सिस्टिम्सनी यू-थ्री नावाची वेगळी वाट काढली. तिला खास पेनड्राइव्ह लागे. त्याचा एक भाग विंडोजला सीडी म्हणून दिसे आणि मेनू आपोआप उघडे. पण आपोआप चालण्याच्या याच सोयीवरून कॉन्फिकरसारखे वर्म पसरले. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 7 मध्ये, आणि 2011 मध्ये जुन्या विंडोजवरही, पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. यू-थ्री तोवर मिटलं होतं. हॅलर यांच्या पद्धतीला कुठलाही साधा पेनड्राइव्ह पुरत होता, म्हणून ती टिकली.

सायबर कॅफेत अर्धा तास संपत आला की मी आधी ब्राउझर बंद करायचो. लाँचरची आवराआवर बाकी असायची. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत खुर्चीतून उठायचो नाही.