तिसरी तार

अजिंठ्याचा खडक ज्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतला, त्यांचे आपण सर्व कौतुक करतो. आमच्या फर्दापुरात अर्थिंगचा खड्डा खणणारा मात्र त्याच खडकाला शिव्या देतो. थोडकी माती गेली की काळा पाषाण लागतो, आणि कोरडा पाषाण विजेला सहजासहजी वाट देत नाही.

या वाटेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. आकाशातली वीज जमिनीत उतरवण्याची युक्ती फ्रँकलिनने अठराव्या शतकातच काढली होती. परंतु माणसाने निर्माण केलेल्या विजेसाठी जमीन उपयोगात आली ती काटकसरीपोटी. १८३८ साली म्युनिकच्या श्टाइनहाइलला तारायंत्राच्या खटाटोपात आढळले की, परतीची तार नसली तरी चालते. ते काम जमीनच करते. अर्धी तार वाचली! पुढे वीज घरोघर आली, तेव्हा याच गुणाची दुसरी बाजू दिसली. बिघडलेल्या यंत्राला अनवाणी, ओल्या पायांनी हात लावणारा माणूस स्वतःच ती परतीची तार होतो. म्हणून यंत्राच्या धातूच्या अंगाला तिसरी तार जोडून विजेला माणसापेक्षा सोपी वाट द्यायची.

ब्रिटिश हिंदुस्थानचा १९१० चा वीजकायदा झाला, तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात. भारतीय वीज नियम आले १९५६ साली. त्याच वर्षी मराठवाडा मुंबई राज्यात आला. ग्राहकाच्या जागेत अर्थिंगचे टोक देणे या नियमांनी पुरवठादारावर सोपवले. कागदावर सारे ठीक. उन्हाळ्यात घराघरांतले पत्र्याचे कूलर पाहावेत! तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसेना, म्हणून मधली पिन सरळ मोडून टाकलेली. मुले त्यालाच टेकून अभ्यास करतात. मला हे पाहवत नाही.

बरे, पिन शाबूत असली तरी खड्डा कोरडा पडला तर काय? समजा, त्याचा रोध १०० ओहम झाला. २३० व्होल्टला जेमतेम २.३ अँपिअर प्रवाह जाईल. ५ अँपिअरचा फ्यूज ढिम्म हलणार नाही आणि कूलरचा पत्रा जिवंतच राहील. खड्ड्यात कोळसा, मीठ घालून वैशाखात पाणी ओततात, ते याचसाठी.

आता गळतीवर तुटणारे स्विच निघाले आहेत. ३० मिलिअँपिअर प्रवाह वाट चुकला की ते क्षणार्धात वीज तोडतात; असल्या कोरड्या खड्ड्यावरही. त्यांच्यावर चाचणीचे एक लहानसे बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे लागते.