शहाजी : एका नावाचे मूळ

बाळाचे नाव ठेवताना पालक हल्ली दोन गोष्टी विचारतात. अर्थ काय, आणि नाव 'आपले' आहे ना? इथे सोलापुरात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने हे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. पहिल्याचे उत्तर शब्दकोशात सापडते. दुसऱ्यासाठी मी इतिहासातले एक नाव सांगतो : शहाजी.

वेरूळचे मालोजी भोसले निजामशाहीतले सरदार. त्यांना आणि उमाबाईंना बरीच वर्षे मूल नव्हते. परंपरा सांगते की त्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला. पुढे दोन मुलगे झाले. पिराचेच नाव दोघांत वाटून दिले गेले : थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजांच्या पोटी शिवाजी महाराज जन्मले.

यातला 'शरीफ' अरबी. अर्थ थोर, खानदानी. 'शाह' मात्र अस्सल फारसी. अर्थ राजा. मग अंगावर धड कपडा नसलेल्या फकिराला शाह का म्हणायचे? ज्याला कुणाकडून काही नको तोच खरा बादशहा, ही सूफींची समजूत.

हा शब्द इस्लामपेक्षा हजारेक वर्षांनी जुना आहे. इराणचा सम्राट दारियस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बेहिस्तूनच्या शिलालेखात स्वतःला 'ख्शायथिय' म्हणवतो. त्याचेच झिजून 'शाह' झाले. संस्कृतातले 'क्षत्र' आणि 'क्षत्रिय' हे शब्दही याच कुळातले. म्हणजे 'शहाजी' या नावात फारसी राजा आणि आपला 'जी' शेजारी बसलेत, आणि त्या राजाचे गोत्र पुन्हा संस्कृतशी जुळते.

भोसल्यांनी ही नावे टाकली नाहीत. तंजावरला व्यंकोजींच्या मुलांत पुन्हा एक शहाजी आणि एक सरफोजी दिसतात. सरफोजी हे शरीफजीचेच रूप मानले जाते. दरबारी संस्कृतात त्याचे 'शरभोजी' झाले.

म्हणून फारसी नाव 'पुरेसे इस्लामी नाही' म्हणणारे आणि 'परके' म्हणणारे, दोघांनाही माझे एकच सांगणे असते. फारसीत 'परवीन' म्हणजे कृत्तिका नक्षत्र. एका बाकावर परवीन आणि कृत्तिका बसल्या, तर दोघींच्या आईबापांनी आभाळातल्या त्याच चांदण्यांकडे बोट दाखवलेले असते. नावाचा अर्थ जरूर शोधा. त्याची जात शोधू नका.