तिकीट आमचे, समिती कुणाची?

१९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह अस्पृश्यांच्या राजकीय संरक्षणाची योजना मांडली. आमचे प्रतिनिधी आम्ही प्रौढ मताधिकाराने निवडू, ही त्यातली मागणी चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. त्याच योजनेतले दुसरे कलम आपण फारसे वाचत नाही: अस्पृश्यांच्या हितावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र सरकारी खाते असावे. म्हणजे सभागृहात प्रतिनिधी हवाच, पण रोजच्या कारभारात दाद मागायला कार्यालयही हवे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या वस्त्यांतून पहाटे कामावर निघणाऱ्या आपल्या माणसांकडे यातले काय आहे?

रेल्वेत सल्लागार समित्या जुन्या आहेत. ॲकवर्थ समितीने १९२१ मध्येच त्या सुचवल्या होत्या. पण त्यांचे सदस्य नेमलेले असतात, प्रवाशांनी निवडलेले नसतात. खासदारांच्या मर्जीतले, व्यापारी मंडळांचे, काही प्रवासी संघटनांचे. त्यांचा सल्ला मानण्याचे बंधन रेल्वेवर नाही. एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलाची ओरड वर्षानुवर्षे होती. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथे २३ माणसे चेंगरून मेली, तेव्हा हालचाल झाली.

मेट्रोचे भाडे ठरवणाऱ्या समितीत कायद्याने एक न्यायाधीश आणि केंद्र व राज्याचा एकेक माणूस. प्रवासी कुठेच नाही.

बेस्टचे तसे नव्हते. ७ ऑगस्ट १९४७ ला ती महापालिकेची झाली. १९५७ मध्ये मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. भाडेवाढ बेस्ट समितीपुढे यायची, आणि वस्तीतला माणूस निदान नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडू शकत होता. ही समिती काही आदर्श नव्हती, पण तिला मतांची भीती होती. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आला आणि बेस्ट समितीही गेली. ९ मे २०२५ पासून साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांचे १० झाले, वातानुकूलितचे ६ चे १२. निवडून आलेला एकही माणूस त्या निर्णयात नव्हता. घरकामाला दोन बस बदलून जाणाऱ्या बाईचा खर्च दुप्पट झाला.

आता गंमत पाहा. हीच बेस्ट मुंबई शहरात वीज विकते. विजेचा दर वाढवायचा तर वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते, ग्राहक हरकत नोंदवतो, गाऱ्हाण्यासाठी मंच आहे आणि त्यावर लोकपालही आहे. उपक्रम एकच, दिव्याच्या ग्राहकाला कायद्याने आवाज आहे, बसच्या प्रवाशाला नाही. आणि उपनगरातल्या माणसाच्या वाट्याला बेस्टची फक्त बसच येते.

लंडनमध्ये प्रवाशांची बाजू मांडणारी ट्रॅव्हलवॉच ही संस्था कायद्याने उभी आहे आणि तिची नेमणूक निवडून आलेली लंडन असेंब्ली करते. तेव्हा हे अशक्य आहे असे आम्हाला कुणी सांगू नये. आमची मागणी अशी: प्रत्येक वॉर्डात प्रवासी हक्क कार्यालय, भाडेवाढ किंवा बसमार्ग बंद करण्याआधी त्याच वॉर्डात जाहीर सुनावणी, हरकतीला लेखी उत्तर, आणि समितीत सफाई कामगार व घरकामगार बायांच्या राखीव जागा, त्यांच्याच संघटनांनी निवडून दिलेल्या.