पंजाब विधानसभा निवडणूक, १९९२

भारतातील पंजाब राज्याच्या विधानसभेची १९ फेब्रुवारी १९९२ रोजी झालेली निवडणूक. ११७ जागांसाठी झालेल्या या निवडणुकीत केवळ २३.८ टक्के मतदान झाले. अत्यल्प मतदानामुळे प्रादेशिक पक्षस्पर्धेचे स्वरूप कसे पालटते, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

सुरजितसिंग बर्नाला यांचे अकाली दलाचे मंत्रिमंडळ मे १९८७ मध्ये बरखास्त होऊन राज्यात राष्ट्रपती राजवट आली आणि १९८८ मध्ये विधानसभाही विसर्जित झाली. दहशतवादामुळे निवडणुका लांबत गेल्या व राजवटीची मुदत वाढविण्यासाठी वारंवार घटनादुरुस्ती करावी लागली. जून १९९१ मध्ये ठरलेले मतदान अनेक उमेदवारांच्या हत्यांनंतर अगदी आदल्या दिवशी तहकूब करण्यात आले. काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार टाकला होता. अडुसष्टाव्या घटनादुरुस्तीने दिलेली पाच वर्षांची मुदत मे १९९२ मध्ये संपणार होती. त्यामुळे पी. व्ही. नरसिंह राव यांच्या शासनास निवडणूक आणखी लांबविणे कठीण होते.

या वेळी बहिष्काराची भूमिका अकाली दलाच्या प्रमुख गटांनी घेतली, तर दहशतवादी संघटनांनी मतदान करणाऱ्यांना जिवाची धमकी दिली. सैन्य व निमलष्करी दलांच्या बंदोबस्तात प्रचार जेमतेमच झाला. ग्रामीण भागात, विशेषतः शीखबहुल खेड्यांत, मतदान शहरांपेक्षा पुष्कळच कमी झाले. मतदार स्वेच्छेने घरी राहिले की भीतीपोटी, हे आकड्यांवरून ठरविता येत नाही. बहिष्कार व दहशत यांचा परिणाम मतपेटीत सारखाच दिसतो.

काँग्रेसला ८७, बहुजन समाज पक्षाला ९, भारतीय जनता पक्षाला ६, भारतीय कम्युनिस्ट पक्षाला ४, तर निवडणूक लढविणाऱ्या एका अकाली गटाला अवघ्या ३ जागा मिळाल्या. काँग्रेसचा मतांतील वाटा सु. ४४ टक्के होता. तथापि एकूण मतदारांशी तुलना करता तो जेमतेम १० टक्के भरतो. १९८५ मध्ये ६७.५ टक्के मतदान झाले असता याच पक्षाला सु. ३८ टक्के मते, म्हणजे एकूण मतदारांपैकी चतुर्थांशाचा पाठिंबा मिळाला होता, पण जागा मात्र ३२ च मिळाल्या. अकाली दलाने जवळजवळ तेवढ्याच मतांवर ७३ जागा जिंकल्या होत्या. १९९२ चे बहुमत काँग्रेसच्या प्रभावाच्या वाढीतून नव्हे, तर मुख्य प्रतिस्पर्ध्याच्या अनुपस्थितीतून आले, हे या आकड्यांवरून उघड होते. रिकाम्या झालेल्या विरोधी बाजूस बहुजन समाज पक्ष सर्वांत मोठा ठरला. त्याच्या इतकीच मते मिळवूनही भारतीय जनता पक्षाला त्याच्यापेक्षा ३ जागा कमी मिळाल्या.

भारतीय निवडणूक कायद्यात किमान मतदानाची अट नाही. त्यामुळे निवडणुकीची वैधता निर्विवाद होती. नैतिक अधिकाराचा प्रश्न मात्र वेगळा होता. बिअंतसिंग यांच्या मंत्रिमंडळाला 'अल्पमतांचे सरकार' ही टीका सतत ऐकावी लागली. जानेवारी १९९३ मधील ग्रामपंचायत निवडणुकांत खेड्यांतील मतदारांनी मोठ्या संख्येने मतदान केले, तेव्हा या टीकेची धार बोथट झाली. मात्र त्या काळातील दहशतवादविरोधी पोलिसी कारवाईत झालेल्या बेपत्ता व्यक्तींच्या प्रकरणांचा प्रश्न पुढे दीर्घकाळ धुमसत राहिला. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी चंदीगढ येथील सचिवालयाबाहेर झालेल्या स्फोटात बिअंतसिंग यांची हत्या झाली.

बहिष्काराची किंमत अकाली नेतृत्वालाही मोजावी लागली. पाच वर्षे विधानसभेबाहेर राहून सत्ता वा विरोध यांपैकी काहीच हाती येत नाही, हे ध्यानी येताच ते निवडणुकांकडे परतले. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी बहुजन समाज पक्षाशी युती करून १३ पैकी ११ जागा जिंकल्या, त्यांपैकी ८ अकाली दलाच्या होत्या. फेब्रुवारी १९९७ मध्ये सु. ६९ टक्के मतदान होऊन अकाली दलास ७५ व त्याचा मित्रपक्ष भारतीय जनता पक्ष यास १८ जागा मिळाल्या. काँग्रेस १४ जागांवर आली. मात्र तिला मत देणाऱ्यांचे एकूण मतदारांतील प्रमाण सु. १८ टक्के, म्हणजे १९९२ पेक्षा बरेच अधिक होते.